लोकांना अडाणी म्हणणं आधी थांबवा

‘बाई, लोक ऐकतच नाहीत हो. अडाणी आहेत.’ हे वाक्य पुन्हा माझ्या कानावर घालू नका. देवरी-सालेकशाकडच्या जिल्हा परिषद शाळांत मी तुम्हाला शिकवलं, तेव्हा या अडाणी लोकांचीच पोरं होतात ना तुम्ही? आज कुणी मेडिकल ऑफिसर आहे, कुणी उपकेंद्रात, कुणी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात. नोकरी लागली, गोंदियात घर झालं, आणि जिनं धान विकून फी भरली ती माय एका रात्रीत अडाणी ठरली?

तुमची तक्रार मी नीट ऐकली. सिकलसेलच्या तपासणीला बाया रक्त देत नाहीत, पथक दिसलं की दार लावून घेतात. 1 जुलै 2023ला देशभर ही मोहीम सुरू झाली, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. पूर्व विदर्भात हा आजार किती घरांत आहे, ते मला शिकवू नका. सांधे धरून वर्गात रडणारी मुलं मी पाहिली आहेत. म्हणूनच विचारते, ज्या दारात तुम्ही आज सुई घेऊन उभे आहात, त्याच दारात 2021मध्ये कसे गेला होता?

16 जानेवारी 2021ला कोरोनाचं लसीकरण सुरू झालं. त्याच्या आदल्या शनिवारी, 9 जानेवारीच्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळं गेली. 1 मे 1999पर्यंत आपला गोंदियाही भंडारा जिल्ह्यातच होता. आपल्या निम्म्या गावांच्या सोयरिकी तिकडे आहेत. आठच दिवसांनी ‘सरकारी दवाखान्यावर भरवसा ठेवा’ असं सांगायला माणसं गावोगाव फिरली. त्या आगीबद्दल बोललं कोण? कुणीच नाही. ‘आमच्याकडून भयंकर चूक झाली’ एवढं म्हणायला कुणाच्या परवानगीची वाट पाहत होतात?

पुढे एप्रिल-मेमध्ये 45च्या वरच्यांचं आणि मग 18च्या वरच्यांचं लसीकरण आलं. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे मोहफुलाचे आणि तेंदूपत्त्याचे दिवस. पहाटे घरं रिकामी होतात, वर्षाची बरीच रोकड त्या दिवसांत हाती येते. तुम्ही शिबिर लावलं अकरा वाजता आणि माणसं आली नाहीत म्हणून वर ‘प्रतिसाद कमी’ असा अहवाल धाडला. अठराच्या वरच्यांना तर सुरुवातीला मोबाइलवर नोंदणी केल्याशिवाय लसच नव्हती. जिथे रेंज पकडायला टेकडीवर चढावं लागतं, तिथे हा नियम. तो तुम्ही केला नव्हता, मान्य. पण तो इथे चालणार नाही, असं एक पत्र तरी वर पाठवलंत का?

आता सगळ्यात मोठी गोष्ट. 17 मे 2021ला केंद्राच्या समितीनं जाहीर केलं होतं की लसीनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याची 26 प्रकरणं असू शकतात, कोव्हिशील्डच्या 10 लाख डोसमागे प्रमाण 0.61. धाप, छातीत दुखणं, पायाला सूज, न थांबणारी डोकेदुखी, अशी लक्षणं 20 दिवसांत दिसली तर कळवा, असंही त्यात होतं. ही माहिती कुणी लपवली नव्हती. पण ती गावात कुणी सांगितली? ‘आजी, ताप येईल, हात दुखेल. फार क्वचित, लाखातही एखाद्याला नाही, पण गुठळी होऊ शकते. असं असं वाटलं तर रात्री बाराला मला फोन कर.’ हे बोलायला एक मिनिट पुरलं असतं. तुम्ही म्हणालात, ‘काही होत नाही.’ मग 2024मध्ये गुठळ्यांबद्दल लसीच्या कंपनीनं कोर्टात दिलेल्या कागदांची बातमी मोबाइलवर फिरली आणि त्याच आजीला वाटलं, आपल्याला फसवलं. तिचं काय चुकलं? ‘काही होत नाही’ हे तुमचंच वाक्य होतं, आणि ते खोटं होतं. लस चांगली होती, तिनं असंख्य जीव वाचवले, म्हणून तर जास्त राग येतो. चांगल्या औषधाला खोट्याची जोड द्यायची गरजच नव्हती.

वरच्यांनीही तेच केलं. 21 एप्रिल 2021ला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, पुरवठा तुटला आणि रुग्ण तडफडून गेले. तीन महिन्यांनी, 20 जुलैला, राज्यसभेत उत्तर आलं की ऑक्सिजनच्या तुटवड्यानं मृत्यू झाल्याचं राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेलं नाही. राज्य सरकारनंही तुटवड्यानं मृत्यू नाहीत असंच सांगितलं. कागदावर सगळं बरोबर असेल. पण त्या एप्रिलमध्ये ज्यानं सिलिंडरसाठी रात्रभर वणवण केली, त्याला हे उत्तर कसं लागलं असेल? नोव्हेंबरात तर औरंगाबाद जिल्ह्यात लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. धाकानं आकडे वाढतात. पण पुढच्या वेळी तोच माणूस दार लावून घेतो.

झोलाछाप डॉक्टरकडे लोक जातात म्हणून तुम्ही चिडता. त्याचं औषध घातक आहे, यात वाद नाही. पण तो रात्री दोनला दार उघडतो, बाजेवर बसून विचारपूस करतो, धान विकल्यावर पैसे घेतो. तुम्ही चार वाजता गोंदियाची गाडी पकडता.

कोरोनात तुमचं नाव राखलं ते आशाताईंनी. दारोदार त्या फिरल्या, शिव्या त्यांनी खाल्ल्या, आणि मोबदल्यासाठी जून 2021मध्ये संपावरही त्यांनाच जावं लागलं. मे 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला. तुमच्या बैठकीत मात्र त्या अजून दाराशी उभ्या असतात. गावातलं घर न् घर त्यांना माहीत आहे. त्यांना खुर्ची द्या आणि आधी त्यांचं ऐका.

गावकऱ्यांनीही आशाताईंना शिव्या दिल्या, पथकावर धावून गेले, ते मला माहीत आहे. त्यांना मी ग्रामसभेत सुनावलं आहे आणि पुन्हा सुनावीन. आज पाळी तुमची आहे.

तर ऐका. रक्त घेण्याआधी ते कशासाठी, कुठे जाणार आणि निकाल कधी मिळणार, ते सांगा, आणि निकाल त्या तारखेला घरी पोचवा. औषधाचा त्रास होऊ शकतो हे आधी स्वतः सांगा. चुकलात तर गावासमोर कबूल करा. आणि मुख्यालयी राहण्याचा घरभाडे भत्ता घेता ना? मग येत्या महिन्यापासून गोंदियाची ये-जा बंद करा आणि नेमणुकीच्या गावी राहायला जा.