दोनशे जणांची खोली

‘मुंबई आता कॉन्सर्टांचं शहर झालं,’ हे वाक्य गेली दोन-तीन वर्षं सारखं कानावर पडतं. २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव भरतो. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले आणि त्याआधी तिकिटं विकणारं संकेतस्थळ गर्दीनं कोलमडलं होतं. एवढं सगळं खरं असूनही ते वाक्य मला खटकतं, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. कार्यक्रम एक आणि जागा दुसरी. कार्यक्रमाला माणूस नाव वाचून जातो. गाणी पाठ असतात, ती प्रत्यक्ष ऐकायची असतात. जागेवर माणूस जागेच्या भरवशावर जातो. आज तिथे कोण वाजवणार हे त्याला धड माहीत नसतं, पण इथे बसवलेला माणूस अगदीच ऐरागैरा नसेल एवढी खात्री असते. कार्यक्रम संपला की मांडव उतरतो आणि मैदान पुन्हा मैदान होतं. जागा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा उघडते. शहरात गाणं आहे की नाही हे मी तरी दुसऱ्या प्रकारावरून ठरवीन. आपल्या जुन्या म्युझिक सर्कलांचा पाया हाच होता. सभासद वर्षाची वर्गणी आधी भरायचा आणि कमिटी ज्याला बोलावेल त्याला ऐकायचा. आवडनिवड होतीच, पण ती ऐकल्यानंतर बोलून दाखवायची गोष्ट होती.

छोट्या क्लबातला आनंद नेमका कशात आहे? आवाजाच्या मोठेपणात तो नाही, तो स्टेडियमात जास्त मिळतो. तो जवळिकीत आहे. दीडशे-दोनशे माणसांच्या खोलीत पडदा लागत नाही. ड्रमरनं काठ्या खाली ठेवून ब्रश उचलले की ते दिसतं, आणि पुढचं गाणं संथ असणार हे पहिला ठोका पडण्याआधीच कळतं. गिटारवाला दोन गाण्यांच्या मध्ये वाकून पायाजवळचं पेडल बदलतो, बेसवाला त्याच्याकडे पाहून भुवई उडवतो, लय किंचित वाढते आणि कोणी वाढवली तेही समजतं. नवं गाणं अजून पक्कं बसलेलं नसतं. दुसरं कडवं कुठे संपवायचं यावर चौघांचं एकमत झालेलं नाही, हे ऐकणाऱ्याला स्पष्ट जाणवतं. रेकॉर्डवर येण्याआधी गाण्याला असं लोकांसमोर अडखळावं लागतं. घरच्या सरावात ते होत नाही आणि पन्नास हजार माणसांसमोर तसं करायची कोणाची छाती नसते. म्हणून छोटी खोली ही मोठ्या स्टेजची पहिली पायरी आहे, असं म्हणून तिची बोळवण करू नये. तिथे जे घडतं ते दुसरीकडे घडतच नाही.

मुंबईनं हे एकदा फार चांगलं करून दाखवलं. २००७ च्या अखेरीस लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात, एका जुन्या गोदामात ब्लू फ्रॉग उघडलं. संस्थापकांमध्ये आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे दोन संगीतकार होते, आणि ते त्या खोलीच्या रचनेतच दिसायचं. बसण्याच्या जागा गोल कप्प्यांच्या होत्या. स्टेजपासून मागे जाताना त्यांची उंची वाढत जायची, त्यामुळे मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसायचं. थोडक्यात, बारच्या आत एक नाट्यगृह बसवलेलं होतं. जेवायला आलेल्या माणसाचं तोंडही आपोआप वाजवणाऱ्याकडे वळायचं. तिथे जाझ, रॉक, इलेक्ट्रॉनिक, लोकसंगीत असं सगळं वाजलं, आणि स्वतःची गाणी करणाऱ्या बँडला आठवड्याच्या मधल्या वारीसुद्धा स्टेज मिळालं. २०१६ मध्ये ते बंद झालं. त्याआधी जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनोसेरस गेलं, नंतर २०१९ मध्ये बंगळुरूच्या इंदिरानगरातलं हमिंग ट्री गेलं. प्रत्येकाची कारणं वेगळी, पण भाडं आणि परवाने हे दोन शब्द अशा प्रत्येक कहाणीत येतात. परमिट रूमचं लायसन्स, अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, पोलिसांची परवानगी, वाजणाऱ्या गाण्यांच्या हक्कांचे पैसे, हे सगळं भरून झाल्यावर उरेल त्यातून वादकांचं मानधन.

इथे एक जुना आक्षेप येतो आणि तो आपल्याकडच्या सभागृहातल्या रसिकाचा असतो. पेला हातात घेऊन गाणं ऐकता येत नाही. तिथे लोक गप्पा मारायला जातात, गाणं मागे वाजत राहतं. संगीताला शांतता लागते. या रसिकाबद्दल मला आदर आहे, पण तो आपल्याच परंपरेतलं एक दालन बंद करून बोलतो. खुर्च्यांच्या रांगा, अंधार आणि दोन तासांचं मौन ही बैठकीच्या गाण्याची मूळ रीत नाही. बैठकीत दाद गाण्याच्या मध्येच यायची, आणि ती आली नाही तर गाणारा अस्वस्थ व्हायचा. पुण्याच्या आर्यभूषण थिएटरातल्या संगीत बारीत समोर बसलेला माणूस फर्माईश करतो, दौलतजादा करतो, आणि तिथल्या गाणाऱ्या बायका त्याच गलबल्यात ठुमकत्या लावणीची बारीक जागा घेतात. ऐकणं म्हणजे गप्प बसणंच, हा नियम मानला तर हे सगळं गाणं संगीताबाहेर टाकावं लागेल.

दारूचं म्हणाल, तर तिचा आणि संगीताचा हिशेब मुंबईनं एकदा करून पाहिलेला आहे. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबीसारखे आफ्रिकी-अमेरिकी जाझवाले आले. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर गोव्याच्या वादकांनी या शहरातली नृत्यगृहं तोलून धरली. ट्रम्पेट वाजवणारे अँटोनिओ झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट स्वतःच्या नावाचा बँड घेऊन उभे राहायचे. मग १९४९ चा दारूबंदी कायदा आला. बार गेला तसा बँड ठेवणंही हॉटेलांना जड झालं, आणि हिंदी सिनेमाच्या स्टुडिओकडे आधीच सुरू झालेली वादकांची वाट रुंद झाली. आपले चितळकर म्हणजे सी. रामचंद्र यांच्या संगीताला चिक चॉकलेटच्या साथीनं जी तरतरी आली ती १९५१ च्या ‘अलबेला’त कोणालाही ऐकू येते. सेबॅस्टियन डिसोझांच्या वाद्यमेळाशिवाय शंकर-जयकिशन यांची गाणी कल्पनेत आणता येत नाहीत. सिनेमाचा यात मोठा फायदा झाला, हे कबूलच. पण स्टुडिओत ही माणसं वाद्यवृंदातली एक खुर्ची झाली आणि पुष्कळांची नावं श्रेयनामावलीत आलीच नाहीत. क्लबाच्या स्टेजवर वादकाला नाव असतं.

तरी त्या रसिकाचं एक म्हणणं खोडता येत नाही. पगार बारच्या गल्ल्यातून येत असेल तर स्टेजवर काय वाजायचं हेही शेवटी गल्ला ठरवतो. लोक नाचले, घसा कोरडा पडला, की विक्री होते. लोक टक लावून ऐकत बसले की होत नाही. म्हणून मूळ गाण्यांच्या बँडला नऊ वाजताची अर्धी रिकामी वेळ आणि साडेदहाला डीजे, अशी वाटणी होते. पुढे बँडलाच सांगितलं जातं की दोन तुमची वाजवा आणि आठ सगळ्यांना येणारी. अशा ठिकाणी जागेचा भरवसा संपतो आणि तिथे पुन्हा कार्यक्रमच उरतो, फक्त लहान आकाराचा.

आवाजाचा प्रश्न मात्र रसिकाचा नाही, शेजाऱ्याचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक लावायला बंदी आहे. या नियमांनी उघड्यावरच्या संगीताचा नकाशाच बदलला. धोबीतलावचं रंगभवन, जिथे १९७८ ची जाझ यात्रा झाली आणि पुढे इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव गाजला, ते आजूबाजूची रुग्णालयं आणि कॉलेज यांमुळे शांतता क्षेत्रात गेलं आणि त्यातलं संगीत थांबलं. भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, तो दहाच्या आत आला. त्यामुळे मांडवात मध्यरात्रीचा दरबारी ऐकणारी एक पिढी संपली. त्याच्या बदल्यात दुपारी सत्र सुरू झालं आणि मुलतानी, भीमपलास, मधुवंती या रागांना मोठ्या स्वरमंचावर त्यांची खरी वेळ मिळाली. हानी झाली ती झालीच, पण नियम संगीताला नवं वळणही लावू शकतो, हे त्यातून दिसलं. क्लबाच्या दृष्टीनं महत्त्वाची बाब अशी की सभागृहासारख्या बंदिस्त जागेला रात्रीच्या बंदीतून सूट आहे. म्हणजे कायद्यानं घड्याळापेक्षा भिंतीवर जास्त भर दिला आहे. पण भिंत बांधणं सोपं नाही. गायकाचा आवाज साध्या भिंतीनंही बराच अडतो. बेस आणि बास ड्रम अडत नाहीत, ते काँक्रीटमधून वरच्या मजल्यावर चढतात. आपली मोजणी ज्या ‘ए’ मापानं होते त्यात खालचे स्वर कमी धरले जातात. त्यामुळे मीटरवर आकडा बरा दिसतो आणि शेजारच्या घरातली काच थरथरत असते. तो शेजारी कुरकुऱ्या नसतो. तो झोपू शकत नसतो.

यावर बाहेरच्या शहरांनी काढलेला तोडगा संगीतवाल्यांच्या तोंडी फार असतो. जो नंतर आला त्यानं आवाज अडवण्याचा खर्च सोसायचा, हे तत्त्व २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं आणि २०१८ मध्ये इंग्लंडनं नगररचनेच्या नियमांत घेतलं. जुन्या क्लबाशेजारी नवा टॉवर उभा राहिला तर जाड काचा टॉवरवाल्यानं बसवायच्या. जर्मनीच्या संसदेनं २०२१ मध्ये याहून पुढे जाऊन संगीताच्या क्लबांना सांस्कृतिक स्थळं मानावं असा ठराव केला. वाचताना वाटतं की हेच इथे आणावं. पण लोअर परळमध्ये हे तत्त्व लावून पाहा. तिथे आधी कोण होतं? चाळी होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या नियमानं गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या बदलानं ती वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली, आणि बाकीच्या आवारांत कार्यालयं, मॉल आणि क्लब आले. नंतर आला तो क्लबच. चाळीतल्या माणसाला आधीपणाचा हक्क आहे, आणि गाण्याचाही आहे, कारण अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांचं लाल बावटा कलापथक याच गिरणगावात गाजलं. इथल्या भजनी मंडळांना आणि कोकणातून आलेल्या नमन-खेळ्यांना या गल्ल्याच रंगमंच होत्या. शिवाय २९ डिसेंबर २०१७ ला इथल्याच कमला मिलमधल्या आगीत चौदा माणसं गेली. दाटीवाटीत, घाईत उभारलेल्या करमणुकीच्या जागांची किंमत तेव्हा सगळ्यांनी पाहिली. क्लबांना सरसकट संरक्षण द्या, ही मागणी या पार्श्वभूमीवर माझ्यानं करवत नाही.

करता येते ती दुसरी मागणी, आणि ती जास्त मोठी आहे. संरक्षण धंद्याला नको, खोलीला हवं; तिथे काय वाजतं आणि पेल्यात काय आहे याचा विचार न करता. मग लोअर परळचा क्लब आणि परळचं दामोदर नाट्यगृह एका रांगेत येतात. सोशल सर्व्हिस लीगनं कामगारवस्तीत उभारलेलं, शंभर वर्षं ओलांडलेलं ते नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा आंदोलनं नाट्यकर्मींनी आणि कामगार रंगभूमीच्या लोकांनी केली. रॉकवाल्यांना तो आपला प्रश्न वाटला नाही. ब्लू फ्रॉग गेलं तेव्हा नाट्यकर्मींनाही वाटलं नव्हतं. वास्तविक दोघांनाही जमिनीच्या एकाच भावानं हलवलं. पालिकेची नाट्यगृहं आहेत, पण ती आठशे-हजार खुर्च्यांची, आणि नवा बँड किंवा नवी गायिका तिथे दोन ओळीही भरू शकत नाही. हवी आहे ती दोनशे जणांची खोली: दोन दारांची, मधे हवेचा कप्पा असलेली, बेस अडवणाऱ्या भिंतींची, ठरलेलं भाडं ठरलेल्या मुदतीसाठी असलेली. एखाद्या पुनर्विकासात बिल्डरला जादा चटईक्षेत्र मिळतं तेव्हा पार्किंग मागितलं जातं, तशी ही खोली मागता येईल. बार ठेवायचा असेल तर ठेवावा, फक्त वादकाचं मानधन त्याच्यावर लटकलेलं नसावं.

सरकारी खोली म्हणजे बंद पडलेला माईक आणि तारखांचं राजकारण, ही भीती खरी आहे. म्हणून मालकी सार्वजनिक आणि कारभार विश्वस्त संस्थेचा, अशी विभागणी लागेल. महालक्ष्मीच्या गिरणीच्या गोदामात जी५ए ही नफा न कमावणारी संस्था अशी ब्लॅक बॉक्स जागा चालवते, तेव्हा हे अशक्य नाही. संस्था आपल्याच आवडीचं गाणं लावेल, हा पुढचा आक्षेप. तर लावू द्या. एक खोली मेटलची, एक शाहिरीची, एक जाझची, एक अशी की जिथे मंगळवारी नमन आणि बुधवारी रॅप. एका कमिटीची आवड तेव्हाच जाचते जेव्हा शहरात एकच खोली असते. मुंबई प्रशासकीय प्रभागांत विभागलेली आहे. प्रत्येकात एक, एवढी मागणी सुरुवातीला पुरे. निवड कोणी करायची यावर भांडण होईल, ते सभासदांनी वर्गणी भरून वार्षिक सभेत करावं. शेजारच्या चाळीतल्या लोकांना त्या सभेत मत असावं आणि त्यांच्या मुलांना सरावासाठी सकाळी तीच खोली फुकट असावी.