फ्रीजरमधल्या अळ्या आणि अहिंसेचं व्रत

शाकाहारी घरात फायटर मासा आणला की थोड्याच दिवसांत एक प्रश्न उभा राहतो. दुकानदार सांगतो, याला अधूनमधून ब्लडवर्म द्या. म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्यांच्या वड्या. त्या ठेवायच्या कुठे? ज्या फ्रीजरमध्ये घरचे मटार आणि आइस्क्रीम असतं, त्यातच?

जागेचा प्रश्न वेगळ्या डब्याने सुटतो, व्रताचा सुटत नाही. थायलंडकडच्या भातखाचरांत आणि उथळ पाण्यात वाढणारा हा मासा निसर्गतः कीटक आणि अळ्या खातो. त्याला पोळीच्या तुकड्यांवर ठेवणं म्हणजे हळूहळू उपाशी मारणं. कोरडे दाणे दिले म्हणून हिंसा टळते, असंही नाही. बहुतेक दाण्यांत माशांचंच पीठ असतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. ‘अळी तर आधीच मेलेली आहे’ हा युक्तिवादही टिकत नाही. गिऱ्हाईक आहे म्हणूनच ती गोठवली जाते.

जैन परंपरेने या पेचाचा विचार फार बारकाईने केला आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला बाधा आणणारे दोष, दिले आहेत: प्राण्याला बांधून ठेवणं, मारणं, त्याचे अवयव छेदणं, झेपणार नाही इतका भार लादणं आणि त्याचं अन्नपाणी रोखणं. मासे पाळणारा यातल्या पहिल्या आणि शेवटच्या अतिचारामध्ये सापडतो. काचेच्या पेटीत ठेवणं हेच एक बंधन. आणि आपल्या सोवळ्यासाठी त्याचा आहार तोडणं हा दुसरा दोष. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त पैशासाठी पोपट, मैना, मांजर, कुत्रा पाळणंही श्रावकाला, म्हणजे जैन गृहस्थाला, वर्ज्य ठरवलं. त्यात माशाचं नाव नाही, पण रोख स्पष्ट आहे: जीव ताब्यात घेण्याआधी विचार करा.

आणि आधीच घेतला असेल तर? त्याच ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, जोडलेली आहे. मासा जगवण्यासाठी अळ्यांचा जीव जाणारच असेल, तर त्यातली एकही वाया घालवू नये, एवढं तरी पाळणाऱ्याच्या हातात उरतं. वड्या नीट साठवणं हा म्हणूनच धर्माचाही भाग ठरतो.

या वड्या उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड तापमानात, घट्ट झाकणाच्या स्वतंत्र डब्यात ठेवाव्यात. गोठवल्याने जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. वीज गेल्यामुळे वडी विरघळली असेल तर ती पुन्हा गोठवू नये, टाकून द्यावी. एका फायटरला एका वेळी थोड्याच अळ्या पुरतात. त्यामुळे वडी गोठलेली असतानाच हवा तेवढा तुकडा मोडावा आणि उरलेली लगेच आत ठेवावी. तुकडा वाटीत टाकीतल्याच थोड्या पाण्यात विरघळवून बारीक जाळीने गाळावा. ते पाणी टाकीत ओतू नये, आणि दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घालावं. उरलेलं अन्न कुजलं की अमोनिया वाढतो आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तोच मासा गुदमरतो. काही माणसांना या अळ्यांमधल्या लाल रंगद्रव्याची ॲलर्जी असते. म्हणून चिमटा किंवा हातमोजे वापरावेत, हात धुवावेत आणि सुरी-वाटी स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

इतकी सावधगिरी पाळूनही काहींच्या मनाची टोचणी जाणार नाही, आणि ती जावी असा आग्रहही नको. मात्र ‘जीवदया’ म्हणून मासा तळ्यात सोडणं हा मार्ग नव्हे. टाकीतून बाहेर सोडलेले सकरमाउथ कॅटफिश भारतातल्या अनेक जलाशयांत पसरले आहेत आणि तिथल्या मूळ माशांना त्यांचा त्रास होतो. ज्यांना अळ्या हाताळणं जमणारच नाही, त्यांनी मासा हे खाणं मनापासून देऊ शकणाऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावा. नवीन मासा घेताना रंग आणि किंमत विचारण्याआधी दुकानदाराला तो काय खातो, हे विचारावं.