अनुपलब्धीचा दाखला

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाच्या देवालयाशी निगडित असलेल्या एका आख्यायिकेत संत नामदेवांना त्यांचे भावी गुरू विसोबा खेचर शिवलिंगावर पाय ठेवून पहुडलेले दिसतात. पाय काढण्याची विनंती होताच, जेथे देव नसेल तेथे ते नेऊन ठेव, असे विसोबा सांगतात, आणि नामदेव पाय जेथे ठेवतात तेथे लिंग प्रकट होते. ईश्वराच्या सर्वव्यापित्वाचा दृष्टांत म्हणून ही कथा कीर्तनांतून सांगितली जाते. परंतु तिच्या पोटात प्रमाणशास्त्रातील एक कठीण प्रश्न आहे, तो असा की, अमुक वस्तू अमुक ठिकाणी 'नाही' असे म्हणण्याचा अधिकार मनुष्यास कोणत्या आधारावर प्राप्त होतो?

कुमारिल भट्टांच्या अनुयायी मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानासाठी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी त्याचे स्वातंत्र्य नाकारून ते ज्ञान प्रत्यक्षाच्याच पदरी घातले. तथापि योग्यतेची अट, म्हणजे वस्तू असती तर ती जाणवण्याजोगी असली पाहिजे ही अट, उभय पक्षांस मान्य होती. भूतलावर घट नाही, हे दृष्टी सांगू शकते, कारण घट असता तर तो दिसलाच असता. खांबावर पिशाच नाही, हे तीच दृष्टी सांगू शकत नाही, कारण ते असते तरी दिसले नसते.

ही अट किती काटेकोर आहे, याचा प्रत्यय आजच्या संगणकातील ध्वनीच्या ड्रायव्हरमध्ये येतो. हेडफोनची साडेतीन मिलिमीटर जाडीची पिन जॅकमध्ये शिरताना आतील एक लवचीक पत्ती बाजूस सारली जाते, तिचा संपर्क जुळतो किंवा तुटतो, आणि ध्वनीची चिप तशी वर्दी ड्रायव्हरकडे धाडते. हेडसेटच्या चार भागांच्या पिनेत मायक्रोफोनसाठी एक स्वतंत्र भाग असतो. जॅकमधील त्याच्या संपर्कावर अल्प व्होल्टेज देऊन पाहिले असता, मायक्रोफोन असल्यास ते मधल्या पातळीवर स्थिरावते, आणि साध्या हेडफोनची तीन भागांची पिन असल्यास तो संपर्क ग्राउंडशी जुळून व्होल्टेज जवळजवळ शून्यावर येते. पिन आत सरकत असताना संपर्क क्षणोक्षणी बदलतो, म्हणून संकेत स्थिर होईपर्यंत काही मिलिसेकंद थांबून मगच फैसला केला जातो.

परंतु ज्या जॅकमधील पत्तीची तार चिपपर्यंत ओढलेलीच नाही, तेथे वर्दी कधीही येणार नाही. इंटेलने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओच्या मानकात म्हणूनच प्रत्येक जोडणी उपस्थिती ओळखण्यास समर्थ आहे की नाही, याची निराळी नोंद ठेवलेली आहे. लिनक्सचा ड्रायव्हर अशा असमर्थ जॅकला 'फँटम' म्हणून वेगळा काढतो, आणि त्याच्यावर विसंबणारी ध्वनिव्यवस्था 'आहे' व 'नाही' यांच्या जोडीला 'अज्ञात' हा तिसरा शेरा मारते. कुमारिलांची अट येथे तंतोतंत पाळली गेली आहे.

ईश्वर मला कोठेही आढळला नाही, सबब तो नाही, असे म्हणणाऱ्याने आपली जोडणी समर्थ आहे काय, हे प्रथम तपासले पाहिजे. आणि श्रद्धावंतानेही हे विसरता कामा नये की, अनुपलब्धी निरुपयोगी ठरल्याने अस्तित्व सिद्ध होत नाही, अन्यथा खांबावरचे पिशाचही सिद्ध झाले असते. मात्र 'अज्ञात' हा शेरा कायमचा नसतो. ज्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडियाची वेधशाळा नियोजित आहे, तेथे ज्या गुरुत्वीय लहरींचा वेध घ्यावयाचा आहे, त्यांचे भाकीत आइन्स्टाइन यांनी 1916 मध्ये केले होते; अमेरिकेतील चार किलोमीटर लांब भुजांच्या उपकरणांनी त्या प्रथम टिपल्या 14 सप्टेंबर 2015 रोजी. मधल्या सुमारे शंभर वर्षांची अनुपलब्धी लहरींच्या अभावाचा दाखला नव्हती; साधनांची योग्यता तेवढी वाढावयाची होती.

विसोबांनी नामदेवांस सिद्धांत सांगितला नाही, पाय उचलून पाहावयास लावले, यात मला त्यांच्या गुरुत्वाचे मर्म दिसते. गुरूने देवाचे अस्तित्व शिष्याच्या पदरात बांधून द्यावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे; जाणण्याची योग्यता कमावण्याच्या मार्गावर त्याने शिष्यास उभे करावे, एवढेच त्याचे कार्य. साधना हे नाव या मार्गालाच शोभते, आणि त्या मार्गावर चालणाऱ्याने योग्यता येईपर्यंत 'अज्ञात' म्हणण्याचे धैर्य बाळगणे, हे मी नास्तिक्याचे नव्हे, सत्यनिष्ठेचे लक्षण समजतो.