आधी खतं काढा!

१२ मे १८७५ हा सुप्याच्या बाजाराचा दिवस. पुणे जिल्ह्यातल्या या गावात भोवतालचे कुणबी जमले आणि त्यांनी गुजर-मारवाडी सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चाल केली. लूट झाली, जाळपोळही झाली. पण जमावाला हवी होती ती कर्जाची खतं आणि हिशेबाच्या वह्या. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पोचलं. सावकारानं खतं निमूटपणे काढून दिली, तिथं बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही.

हा राग श्रीमंतीवरचा सरसकट राग नव्हता. सावकार गावाला नवा नव्हता. अडीनडीला त्याच्याच ओट्यावर जावं लागे. नवं होतं ते त्याच्या कागदामागं उभं राहिलेलं कोर्ट. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या कर्जाच्या दाव्याला ३ वर्षांची मर्यादा घातली. हेतू कुळाला दिलासा देण्याचा, परिणाम उलटा. दर ३ वर्षांनी मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून नवं खत लिहिलं जाई आणि वाचता न येणारा कुणबी त्यावर निशाणी करी. समजा, शेकडा दरमहा २ रुपये व्याजानं १०० रुपये काढले. पहिल्या खतबदलात त्याचे १७२ होत, दुसऱ्यात २९५च्या वर आणि ९ वर्षांनी ५०८च्याही वर. कुळाच्या हातात मात्र पहिल्या शंभरापलीकडे एक पैही आलेली नसे.

याच काळात मुंबईत श्रीमंतीकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहत होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव आला. कुणब्याची पत वाढली, तसा मुंबईत शेअरांचा ज्वर चढला. युद्ध संपलं, भाव कोसळले, आणि १८६५च्या जुलैत मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. सट्टाबाजाराचे बादशहा प्रेमचंद रायचंदही त्यात बुडाले. तरीही शहरानं त्यांचं नाव टाकलं नाही. विद्यापीठाचं ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी त्यांनी ४ लाख रुपये दिले होते. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्याआधीच्या पिढीतले व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या दानातून रुग्णालय उभं राहिलं होतं. त्यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता, पण दानशूर म्हणून त्यांना मिळालेला मान त्यानं उणावला नाही. पैसा कुठून आला यापेक्षा तो कुठं गेला, यावर शहर शेटियांची किंमत करत होतं.

पैसा कुठून आला, हा प्रश्न जोतीराव फुले यांनी सोडला नाही. ते स्वतः यशस्वी कंत्राटदार होते. धनाचा तिटकारा त्यांना नव्हता. पण १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी ठणकावून सांगितलं की सरकारी तिजोरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. त्याआधी व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर पुणे नगरपालिकेनं खर्च करायचं ठरवलं, तेव्हाही त्यांनी विरोध केला होता. पुढे ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि दागिन्यांनी मढलेली ही मंडळी म्हणजे हा देश नव्हे, असं त्यांनी राजपुत्राला तोंडावर सांगितलं. सुप्याच्या कुणब्यांनी सावकाराकडे हिशेबाचे कागद मागितले. फुल्यांनी हिशेब मागितला तो राज्यकर्त्यांकडे आणि त्यांच्या आश्रयानं मोठ्या झालेल्यांकडे.

दंगलींनंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. खतावरच्या आकड्यावर न थांबता मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. सावकारानं पावती द्यावी, हिशेब दाखवावा, असं बंधन आलं. कर्जापायी कुणब्याला तुरुंगात टाकणं बंद झालं. श्रीमंताच्या कागदाला प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्यात उतरला. मग सावकारांनी वाट बदलली. गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि ज्या जमिनीवर कर्ज काढलं ती कागदोपत्री विकली गेल्याचं कुळाला पुष्कळदा कोर्टात उभं राहिल्यावर कळू लागलं.