निवळताना

पहाटे पाऊस उघडला तसा नांदेडच्या घाटावर जाऊन आलो. पहिल्या पुराची गोदावरी दुधाच्या चहासारखी दिसत होती. पायरीवर वाकून ओंजळभर पाणी घेतलं, तर तळहाताच्या रेषा दिसेनात. तेव्हा आजी आठवली.

पुराच्या दिवसांत ती आधी पाणी धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळायची. काडीकचरा वर राहायचा, रंग मात्र तसाच खाली उतरायचा. आपल्याकडची काळी माती इतकी बारीक, की तिला कापड अडवू शकत नाही. मग आजी तुरटीचा खडा बोटांत धरून घागरीत फिरवायची. सुरुवातीला भराभरा, मग अगदी सावकाश. घागरीवर झाकण ठेवून म्हणायची, "आता हलवू नको बाळा, घडीभर दम धर."

त्या घडीभरात काय होतं, हे मला फार पुढे कळलं. चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात, म्हणून दिवसच्या दिवस पाण्यात तरंगत राहतात. तुरटीतलं अॅल्युमिनियम तो दुरावा मोडतं. कण एकमेकांना धरतात, पिंजलेल्या कापसासारखे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. सुरुवातीची घाई तुरटी सगळीकडे पोचावी म्हणून असते आणि नंतरचा संथपणा पुंजके वाढावेत म्हणून. पुन्हा जोरात ढवळलं तर ते फुटतात. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रातही हाच क्रम असतो. त्यानंतर संथ टाकी, वाळूचा थर आणि शेवटी क्लोरिन. आजीच्या मनगटात ढवळण्याचा हा क्रम आधीपासून होता.

नको ते वेगळं करण्याची ही समज आपल्या भाषेतही आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. तूर पाखडतात, कारण फोलपट वाऱ्यावर उडतं. गहू पाण्यात रवळतात, कारण खडा दाण्याआधी तळ गाठतो. पुरणाची डाळ येळतात, आणि येळून निघालेलं पाणी कोणी ओतून देत नाही. त्याचीच येळवणी होते, आणि सणाच्या ताटात खरी चव तिलाच असते. निवळीच्या झाडाला तर नावच त्याच्या कामावरून मिळालं. त्याचं बी मडक्याच्या आतून घासलं की गढूळ पाणी स्वच्छ होतं.

पाणी शुद्ध होईतो थांबण्याची खरी कसोटी लातूरकरांनी २०१६च्या उन्हाळ्यात पाहिली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. एवढ्या लांबून, एवढी वाट पाहून आलेलं कृष्णेचं पाणीही थेट घागरीत गेलं नाही. आधी शुद्धीकरण, मग वाटप. तहान कितीही असली तरी तेवढं थांबावं लागलं. त्या दिवसांत डाळ धुतलेलं पाणीसुद्धा जपून ठेवणाऱ्या बायाबापड्यांचा विचार आला, की आजही माझा हात नळाखाली आखडतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती काचेसारख्या दिसणाऱ्या पाण्याची. किनवटकडच्या काही गावांत बोअरचं पाणी नितळ असतं, पण त्यात फ्लोराइड विरघळलेलं असतं. ते तळाशी बसत नाही, फडक्यात अडकत नाही, उकळलं तर उलट दाट होतं. वर्षानुवर्षं तेच पाणी प्यालेल्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि मोठ्यांचे सांधे धरतात. यावरही एक उपाय तुरटीनंच दिला. नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेनं बसवलेल्या नलगोंडा पद्धतीत आधी चुना आणि मग नेहमीपेक्षा बरीच जास्त तुरटी घालतात. बसणाऱ्या पुंजक्यांबरोबर पुष्कळसं फ्लोराइड खाली जातं. पण मात्रा प्रत्येक पाण्याची वेगळी, आणि ती तपासणीवरूनच ठरते, अंदाजानं नाही. म्हणून गावोगावी पाण्याची तपासणी नेमानं व्हायला हवी, आणि तिचा आकडा त्या विहिरीवरच ठळक लिहिलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

घाटावरून येताना बाटलीभर पुराचं पाणी आणलं होतं. काचेच्या बरणीत ओतलं, तुरटी फिरवली आणि नातीला शेजारी बसवलं. तिनं दोनदा बरणीकडे हात नेला, दोनदा मागे घेतला. हे लिहून होईतो वरचं बोटभर पाणी निवळलं आहे.