माध्यमांतर आणि मताचे ऋण : ‘श्यामची आई’च्या निमित्ताने

साहित्यकृतीवर चित्रपट निघाला की त्यासंबंधीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती घोटाळत राहते : चित्रपट मूळ कृतीशी प्रामाणिक आहे काय? या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते. मूळ कृती स्थिर आहे, तिच्याविषयीचे मत आधीच पक्के झालेले आहे आणि त्या मापाने रूपांतर तेवढे मोजायचे आहे, असे ते गृहीत होय. प्रत्यक्षात माप आणि मोजली जाणारी वस्तू ही दोन्ही परस्परांच्या सान्निध्यात बदलत असतात. चित्रपट पाहून पुस्तकाकडे वळलेला वाचक कोऱ्या मनाने वाचत नाही. पुस्तक वाचून चित्रपटगृहात गेलेला प्रेक्षकही केवळ पडदा पाहत नाही. अशा स्थितीत एका कृतीविषयीचे मत दुसरीच्या आधारे बनवणे कितपत न्याय्य आहे? हा प्रश्न आस्वादप्रक्रियेचा आहे, तसाच तो नीतीचाही आहे. कारण ज्या कृतीने जे केलेले नाही त्याचे श्रेय किंवा दूषण तिच्या पदरी टाकणे हा एक प्रकारचा अन्यायच असतो.

नव्या कृतीच्या आगमनाने आधीच्या कृतींची परस्परांमधील व्यवस्थाही बदलते, हा विचार टी. एस. एलियटने १९१९ मध्ये परंपरा आणि व्यक्तिगत प्रतिभा यांविषयीच्या निबंधात मांडला. मराठी वाचकाला तो अपरिचित वाटण्याचे कारण नाही. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने मराठी मनातील गीता घडवली. गीतेचे सातशे श्लोक संस्कृतात वाचणारा मराठी अभ्यासकही ते पुष्कळदा ओवीच्या प्रकाशात वाचतो. येथे टीका मूळ ग्रंथाच्या मागून आली, परंतु अनुभवाच्या क्रमात ती अनेकांसाठी आधी आली. कालक्रमाने मूळ असणे आणि अनुभवाच्या क्रमाने मूळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूपांतरविषयक चर्चेतील बराचसा गोंधळ हा भेद न पाळल्यामुळे होतो.

‘श्यामची आई’ या कृतीच्या संदर्भात हा भेद तपासून पाहण्याजोगा आहे. साने गुरुजींनी या पुस्तकातील बहुतेक भाग १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला. पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले आणि त्यानंतर तीन वर्षांनी आचार्य अत्रे यांचा चित्रपट आला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, सर्वोत्कृष्ट कथाचित्र म्हणून त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून महाराष्ट्रातील अनेकांच्या मनात पुस्तक आणि चित्रपट यांची सरमिसळ झालेली आहे. कोणता प्रसंग वाचलेला आणि कोणता पाहिलेला, हे त्यांना निश्चितपणे सांगता येईलच असे नाही.

या सरमिसळीचा पहिला परिणाम आईच्या प्रतिमेवर झाला. पुस्तकातील आई वर्णनापेक्षा वर्तनातून घडते. श्याम पोहायला जाण्याचे टाळून लपतो तेव्हा त्याला मारणारी आणि मागाहून स्वतःच कळवळणारी, अशा परस्परविरोधी प्रसंगांतून वाचक तिला आपल्या मनात जुळवत जातो. तिची करुणाही तिच्या काळाच्या सोवळ्याओवळ्याच्या चौकटीतूनच वाट काढते. चित्रपटात वनमाला यांच्या अभिनयाने तिला एक चेहरा आणि एक आवाज मिळाला. हा लाभ निःसंशय आहे. परंतु चेहरा मिळाला की वाचकाच्या कल्पनेचे एक काम संपते, हेही तितकेच खरे. याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. वनमाला १९४१ च्या ‘सिकंदर’ या चित्रपटातील नायिका होत्या. मराठी माणसाच्या स्मरणात मात्र त्या प्रामुख्याने श्यामची आई म्हणून उरल्या. म्हणजे चित्रपटाने पुस्तकाला चेहरा दिला आणि पुस्तकाच्या पुण्याईने त्या चेहऱ्याचा पूर्वेतिहास पुसला. देवघेव दोन्हीकडून झाली.

दुसरा परिणाम अधिक खोल आहे. पुस्तकातील कथन प्रौढ श्यामचे आहे. आश्रमातील मित्रांना तो रात्रीमागून रात्री आईच्या आठवणी सांगतो. आईच्या अखेरच्या क्षणी हा मुलगा तिच्याजवळ नव्हता; तो उशिरा पोचला. पुस्तकातील गहिवर हा या उशिराचा गहिवर आहे. त्यात अपराधभावना आहे, आत्मपरीक्षण आहे आणि ऐकणाऱ्यांपुढे दिलेली कबुली आहे. पडद्यावरची आई मात्र प्रेक्षकापुढे त्या क्षणी साक्षात उभी असते. आठवणारा आणि आठवली जाणारी यांतील अंतर हे शब्दाचे बलस्थान आहे. कॅमेऱ्याला ते साधण्यासाठी निराळी खटपट करावी लागते. चित्रपटाच्या स्मृतीतून पुस्तकाकडे पाहणाऱ्याला हे अंतर जाणवेनासे होते आणि कबुलीच्या जागी त्याला केवळ अश्रू दिसतात. ‘श्यामची आई’ हे रडके पुस्तक आहे, हे मत अशा वेळी तपासून घ्यावे लागते. ते संहितेच्या वाचनातून आले, की संहितेच्या लौकिकातून आले?

हा प्रश्न टाळता येत नाही, याचे कारण पुस्तकातच आहे. त्या संहितेत मातृप्रेमाच्या बरोबरीने कर्जाची कहाणी चालते. कोकणातील एका खोत घराण्याची उतरती कळा, सावकाराच्या माणसाकडून होणारा अपमान, घरादारावर येणारी जप्ती आणि या साऱ्यांत झिजत जाणारी एक स्त्री, असा तो व्यवहाराचा कठोर पट आहे. तो बाजूला ठेवला की आईचे सोसणे हे निव्वळ स्वभावाचे भूषण ठरते. लक्षात घेतला तर त्या सोसण्यामागची सामाजिक आणि आर्थिक कारणे दिसू लागतात. भावविवशतेचा आरोप करणारे आणि मातृभक्तीचे स्तोत्र म्हणून पुस्तक डोक्यावर घेणारे, हे दोन्ही पक्ष पुष्कळदा या एकाच वगळलेल्या पटामुळे संभवतात.

अन्याय केवळ पुस्तकावर होतो असे समजणेही चुकीचे ठरेल. पुस्तकाभोवतीचे पावित्र्य चित्रपटाला आयतेच लाभले. त्यामुळे चित्रपट म्हणून त्याची चिकित्सा करणे म्हणजे गुरुजींविषयी अनादर दाखवणे, असा संकोच निर्माण होतो. त्यातील पटकथेची बांधणी, गीतांची योजना, वसंत देसाई यांचे संगीत, यांचा स्वतंत्र विचार मागे पडतो. श्रद्धेने मिळालेली सूट हीसुद्धा उपेक्षाच असते. जी कृती दोषांसाठी तपासली जात नाही, तिचे गुणही नीट पाहिले जात नाहीत.

या संदर्भात अत्रे यांची निवड विचार करण्याजोगी आहे. ‘झेंडूची फुले’मधील विडंबनेही मूळ कवितेच्या आधाराने उभी राहणारी एक प्रकारची रूपांतरेच होती. त्यांनी तत्कालीन कवितेच्या लकबी अशा उघड्या केल्या की, पुढे ती कविता गंभीरपणे वाचू पाहणाऱ्याच्या ओठांवरही नकळत हसू यावे. ज्या लेखणीने मूळ कृतींचे वजन कमी करून दाखवले, तिनेच पुढे एका मूळ कृतीचे वजन वाढवले. रूपांतर मूळ कृतीविषयीचे मत घडवते, ते कोणत्याही एका दिशेने नव्हे, हे या एकाच लेखकाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

मुळात ‘मूळ’ ही संज्ञाच येथे सापेक्ष ठरते. गुरुजींच्या मातोश्री १९१७ मध्ये निवर्तल्या; पुस्तक त्यानंतर सोळा वर्षांनी तुरुंगात, आठवणीतून लिहिले गेले. जगलेल्या आयुष्याचे ते शब्दरूप होय. या पुस्तकाने त्या आयुष्याशी इमान राखले काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, कारण त्या आयुष्यापर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग वाचकापाशी जवळजवळ नाही. दुसरीकडे, २०२३ मध्ये सुजय डहाके यांचा नवा ‘श्यामची आई’ कृष्णधवल स्वरूपात आला, तेव्हा त्याची तुलना पुस्तकाइतकीच १९५३ च्या चित्रपटाशी होणे अटळ होते. रूपांतर स्वतःच मूळ होऊन बसले. प्रामाणिकपणाची मागणी ही अशा रीतीने आधी आलेल्या कृतीपेक्षा आधी भेटलेल्या कृतीच्या बाजूने केली जाते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, आस्वाद हा नेहमीच संमिश्र असतो. कोणताही वाचक रिकाम्या मनाने वाचत नाही, तेव्हा मतांची अशी वाटणी करणे अशक्य आहे आणि अनावश्यकही. या आक्षेपाचा पहिला भाग मान्य करावाच लागेल. वनमालांचा चेहरा प्रयत्नाने विसरता येत नाही. परंतु चेहरा मनात असणे वेगळे आणि त्या चेहऱ्यावरून संहितेविषयी निकाल देणे वेगळे. पहिली गोष्ट वाचकाच्या हाती नाही, दुसरी आहे. न्यायाधीशाच्या मनावरही ऐकीव गोष्टींचा ठसा असू शकतो; निकालपत्रात मात्र पुराव्याचाच आधार द्यावा लागतो. समीक्षेकडून याहून कमी अपेक्षा ठेवता येणार नाही.

म्हणून रूपांतराच्या विचारात ‘इमान राखले काय’ या प्रश्नाआधी ‘हे मत कोणत्या कृतीने मिळवले’ हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. पदव्युत्तर वर्गातील एखादा विद्यार्थी हे पुस्तक न उघडता त्याला भाबडे म्हणत असेल, तर त्याला चित्रपट विसरायला सांगून उपयोग नाही. त्याच्या मताला आधार देणारे पान त्याला पुस्तकात शोधायला सांगावे. ते पान सापडले तर ते मत त्याचे स्वतःचे झाले. सापडले नाही, तर निदान ते कोठून उसने आले होते, हे त्याला कळेल. आणि तोवर त्याच्या हाती पुस्तक आलेले असेल.