मापाचा न्याय

परिमिती, क्षेत्रफळ, घनफळ व धारकता ही प्रकरणे आपण मुलांस गणित म्हणून शिकवितो. परंतु आमच्या मते त्यांत नीतीचाही एक पाठ दडलेला आहे. दोन भावांची वाटणी घ्या. एकाचे शेत 40 हात लांब व 40 हात रुंद; दुसऱ्याचे 70 हात लांब व 10 हात रुंद. कुंपण दोघांसही 160 हातच लागेल. पण पहिल्याच्या पदरी 1600 चौरस हात जमीन पडेल व दुसऱ्याच्या अवघी 700. कुंपण मोजून 'दोघांस सारखेच' असे सांगणारा पंच खोटे बोलत नाही. तरीही तो अन्यायच करितो.

धान्याचेही तसेच. पायली एकच, पण देतांना ती काठाशी सपाट करावयाची व घेतांना शिगोशीग भरावयाची, हा कोठला व्यवहार? शिवाय भांड्याचे तोंड जितके रुंद तितकी शीग मोठी. म्हणजे धारकता तीच असूनही पदरांत पडणारे धान्य निराळे! 1956 च्या कायद्याने देशांत मेट्रिक मापे आली, हे योग्यच झाले. परंतु कोणत्या जागी कोणते माप लावावे, हे अखेर मापणाऱ्याच्या सदसद्विवेकावरच राहते.

म्हणून सूत्रे पाठ करून घेतांना 'किती?' या प्रश्नाच्या आधी 'काय मोजावयाचे?' हा प्रश्न मुलांस विचारावयास शिकवावे, एवढेच आमचे सांगणे आहे. हिशेब अचूक असूनही वाटणी अन्यायाची ठरते, ती हा प्रश्न टाळल्यामुळेच.